वेरूळच्या हत्तीची थट्टा करावी, पण कशी?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): आमच्या काव्यकट्ट्याची सहल गेल्या हिवाळ्यात वेरूळला गेली होती. परतल्यावर मी कैलास लेण्यावर आणि इतर काही लेण्यांवर हलक्याफुलक्या कविता लिहिल्या आणि कट्ट्यावर वाचून दाखवल्या. फारसे कोणी हसले नाही. उलट एका ज्येष्ठ सभासदांनी "देवादिकांची आणि आपल्या वारशाची टिंगल करू नये," असे सर्वांसमोर सुनावले. मला टिंगल करायची नव्हती. तेथे झालेला आनंद गंभीर शब्दांत मावत नव्हता, एवढेच. नमुन्यादाखल एक कविता पाठवते. अशा कविता लिहाव्यात का? लिहायच्या तर छंदात की मुक्त? आणि ऐकणाऱ्यांना लेण्यांची माहिती नसेल तर ती आधी सांगावी का?

कैलास पाहुनी थक्क झालो,
भव्यतेपुढे नतमस्तक झालो,
पायऱ्या चढुनी घामाघूम,
सेल्फी काढुनी परत आलो!

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

लोक हसले नाहीत आणि ज्येष्ठ सभासद रागावले, या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या धरल्या आहेत. माझ्या मते दोहोंचे कारण एकच आहे. तुमच्या कवितेत थट्टा आहे, परंतु ती नेमकी कशाची आहे हे कोठेच दिसत नाही. ज्याला हसायचे आहे त्याला हसण्याजोगे काही सापडत नाही आणि ज्याला शंका घ्यायची आहे त्याला सगळ्यावरच शंका घेता येते. म्हणून औचित्याचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी कवितेकडे पाहू. ती सुधारली की औचित्याचा निम्मा प्रश्न आपोआप सुटेल.

तुमच्या चार ओळींतला 'कैलास' हा शब्द काढून तेथे 'रायगड' घालून पाहा. एकही ओळ बिघडत नाही. उलट पायऱ्यांचा उल्लेख अधिक शोभून दिसतो. याचा अर्थ असा की ही कविता वेरूळची नाही, सहलीची आहे, आणि घाम, सेल्फी, दुखरे पाय, बसमध्ये विसरलेली पाण्याची बाटली यांवर विनोद करण्यासाठी तुम्हाला सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापर्यंत जाण्याची गरज नव्हती. 'थक्क', 'भव्यता' आणि 'नतमस्तक' हे शब्द तर माहितीपत्रकांनी वापरून वापरून इतके गुळगुळीत केले आहेत की ते ऐकताना कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. मिश्कील कवितेला गंभीर कवितेपेक्षा अधिक बारकाईने पाहावे लागते, असे माझे ठाम मत आहे. गंभीर कवी 'अफाट' म्हणून वेळ मारून नेऊ शकतो. गंमत करणाऱ्याला मात्र कोण कोठे उभे आहे, कोणाचे तोंड कोणीकडे आहे आणि कोण कोणाकडे पाहत नाही, हे सर्व ठाऊक असावे लागते.

कैलास मंदिराच्या दक्षिण बाजूचे रावणाचे शिल्प तुम्ही पाहिलेच असेल. खालच्या पोकळीत अडकलेला रावण सगळे हात पसरून पर्वत गदागदा हलवतो आहे, वर शिव शांतपणे बसून पायाने पर्वत दाबून धरतो आहे आणि घाबरलेली पार्वती त्याच्या दंडाला बिलगली आहे. मार्गदर्शक ही कथा सांगतात, लोक रावणाचे हात मोजतात आणि पुढे जातात. पण पार्वतीच्या मागच्या बाजूला आणखी एक स्त्री आहे, तिची दासी. ती आपल्याकडे पाठ करून पळत सुटली आहे. त्या संपूर्ण प्रसंगात व्यवहारी निर्णय घेणारी ती एकटीच म्हणावी लागेल. देवांची देवांना काळजी, राक्षसाला आपल्या बळाचा गर्व, आणि हिने मात्र जमीन हलताच रस्ता धरला. तुमच्या वहीत हिला जागा मिळायला हवी होती. मी असे काहीसे लिहिले असते:

रावण गिरी हलवी,
शिव अंगठा टेकवी;
पार्वती दंडा बिलगे,
दासी मात्र पळू लागे.
बाराशे वर्षे धावते,
दाराशीही ना पोचते.

या ओळी थोर नाहीत, पण त्यांत 'रायगड' घालता येणार नाही. शिवाय येथे हसू कोणाच्या फजितीवर आलेले नाही. ते दगडाच्या स्वभावातून आले आहे. शिल्पकाराने धावण्याचा एक क्षण पकडला आणि त्या बिचारीला कायमचे धावायला लावले, ही गंमत मुळात त्याचीच आहे. आपण फक्त ती बोलून दाखवली. 'बाराशे' हा आकडाही मुद्दाम घेतला आहे. हे लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले आहे, त्यामुळे हिशेब जवळपास बरोबर बसतो. विनोदी कवितेत 'हजारो वर्षे' अशी मोघम भाषा आली की धार बोथट होते.

आता हत्तींकडे वळू. मंदिराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे आणि सगळे मंदिर त्यांच्या पाठीवर उभे असल्यासारखे दिसते. खरे पाहता ते काहीच उचलत नाहीत, कारण हत्ती, मंदिर आणि खालची जमीन हा सगळा एकच अखंड खडक आहे. मात्र हत्तींना हे अद्याप कोणी कळवलेले दिसत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो कष्टाळू भाव पाहून मला मोठ्या अभंगाचा छंद आठवतो:

बाराशे वर्षांचे । पाठीवर ओझे ।
हत्ती पुसे, माझे । नाव कोठे?
मंगळवारी तो । असतो निवांत ।
बंद दाराआत । ओझे तेच.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे सहल आखताना तुम्हीही पाहिले असेल. अशी रुक्ष माहिती कवितेत आली की ती अचानक जिवंत होते. आणि 'नाव कोठे' या दोन शब्दांत राजाचे नाव पुस्तकापुस्तकांत असणे, पण छिन्नी धरणाऱ्या शेकडो हातांचे एकही नाव न उरणे, हे सारे न बोलता येऊन जाते. येथे एक मोह आवरावा लागतो. हत्ती हे श्रमिकांचे प्रतीक आहे असे सांगणारे तिसरे कडवे जोडू नका. मिश्कील कवितेत गंभीर अर्थ असू शकतो, नव्हे असावाच. परंतु त्याची ओळख करून देण्याचे काम कवीने घेतले की दोन्ही रस जातात.

विषयांचा तर तेथे तोटाच नाही. दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या कमानी दगडात कोरल्या आहेत. कैलासातला हत्ती ओझे वाहण्याचे सोंग करतो, हा दगडी वासा लाकूड असल्याचे सोंग करतो. या दोघांचे संभाषण लिहायला घ्या, वही भरेल. अकराव्या लेण्याची कथा याहून नामी आहे. दोनच मजले दिसत असल्याने त्याचे नाव 'दोन ताल' पडले, आणि पुढे १८७६ मध्ये कळले की तळाचा एक संपूर्ण मजला माती-दगडांखाली गाडलेला होता. नाव मात्र बदलले नाही.

नाव पडे दोन ताल,
तिसरा हसे खुशाल;
मातीखाली झोपलेला,
मोजणीत सुटलेला.

आता ज्येष्ठ सभासदांच्या आक्षेपाकडे येऊ. तो मी हसण्यावारी नेणार नाही. एखाद्या जागेविषयी आदर असलेला माणूस तिच्याबद्दल हळवा असतो आणि सभेत त्याला हरवून काही मिळत नाही. परंतु थट्टा आणि आदर एकत्र नांदत नाहीत हे त्यांचे गृहीतक मात्र याच लेण्याच्या इतिहासाला धरून नाही. कैलास लेण्याची उपलब्ध असलेली जुनी स्तुती एका ताम्रपटात आहे. बडोद्याला सापडलेला हा ताम्रपट राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा, इ. स. ८१२-१३ च्या सुमाराचा आहे. दानपत्र म्हणजे जमीन कोणाला दिली याची नोंद, म्हणजे सरकारी कागदच; तरीही त्यातल्या संस्कृत श्लोकांत कवी म्हणतो की विमानांतून जाणारे देव एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरचे हे मंदिर पाहून चकित होतात आणि हे स्वयंभूच असले पाहिजे, माणसाने केलेल्या वस्तूत असे सौंदर्य कोठून येणार, अशी चर्चा करत राहतात. एवढ्यावर तो थांबत नाही. ज्या शिल्पीने ते घडवले त्यालाही, पुन्हा तसे काही करणे जमेना म्हणून, एकाएकी नवल वाटले की हे मी केले तरी कसे?

स्वतःच्याच कामापुढे तोंडात बोट घालून उभा राहिलेला कारागीर ही कल्पना मिश्कील नाही तर काय आहे? त्या कवीने 'भव्य' म्हणून विषय आटोपला असता तर बाराशे वर्षांनी तो श्लोक कोणी सांगितला नसता. त्याने देवांना थांबायला लावले, शिल्पीला डोके खाजवायला लावले, आणि या दोन छोट्या प्रसंगांतून मंदिराचा मोठेपणा सिद्ध केला. तुमच्या परंपरेचा आरंभ कोठे आहे असे कोणी विचारले तर निःसंकोचपणे या ताम्रपटाकडे बोट दाखवा.

मराठीतही हीच वाट पुढे चालू राहिली. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात या मंदिराची एक आख्यायिका आहे. एका आजारी राजासाठी त्याच्या राणीने नवस केला की राजा बरा झाला तर शिवाचे मंदिर बांधीन आणि त्याचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. कारागीर म्हणाले, शिखर दिसायला कित्येक महिने लागतील. आता एवढे दिवस उपास कसा निभवायचा? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि आठवड्यात शिखर दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यापासूनच कोरायला सुरुवात केली. ही इतिहासाची नोंद नव्हे, पण कैलास वरून खाली कोरत आणला ही वस्तुस्थिती तिने किती हुशारीने पोटात घातली आहे पाहा. जगातला बहुधा सर्वांत मोठा एकसंध कोरीव प्रासाद, ज्यासाठी सुमारे दोन लाख टन दगड काढावा लागला असा अंदाज नेहमी सांगितला जातो, तो एका उपाशी राणीला लवकर जेवता यावे म्हणून उलटा घडला! ही कथा सांगणाऱ्याला कोणी वारशाची टिंगल करणारा म्हणत नाही. तुम्हाला या विषयावर लिहायचे असेल तर सुरुवात मी देतो, पुढचे तुम्ही करा: 'आधी कळस घडला, मग पाया सापडला.'

देवांच्या बाबतीतही तेच आहे. पंढरीच्या विठ्ठलाशी भांडणारे अभंग आपण टाळ वाजवत म्हणतो आणि पैठणच्याच एकनाथांची भारुडे हसत हसत ऐकतो. स्वतः वेरूळच्या शिल्पकारांना देव नेहमी गंभीर मुद्रेत बसलेले दाखवायची गरज वाटली नाही. एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत आहेत आणि खाली नंदीभोवती गणांचा खट्याळ दंगा चालला आहे. डाव कोण जिंकते आहे हे आपापसांत ठरवण्यात तुमच्या कट्ट्याची एक संध्याकाळ चांगली जाईल, आणि त्या ज्येष्ठ सभासदांचे मत पार्वतीच्या बाजूने पडले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तरीही काही मर्यादा मी स्वतः पाळतो आणि तुम्हीही पाळाव्यात असे सुचवतो. फोडलेले चेहरे आणि तुटलेल्या सोंडा यांवर विनोद करू नये. तेथे थट्टा फार सोपी असते आणि म्हणूनच ती हलकी ठरते. शिवाय त्या जखमा कोणी केल्या यावर श्रोत्यांत वाद पेटला की कविता संपते. बौद्ध आणि जैन लेण्यांत ध्यानस्थ मूर्तींवर लिहिण्यापेक्षा त्यांच्यासमोर मोबाइल शांत करायला धडपडणाऱ्या आपल्यावर लिहावे, कारण ज्यांच्या श्रद्धेची भाषा आपल्याला घरातून मिळालेली नाही त्यांच्याशी सलगी जपून करावी लागते. खांबांवर नावे आणि बदाम कोरणाऱ्या महाभागांना मात्र काहीही सूट देऊ नका. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने, २०१० च्या दुरुस्तीनंतर, अशा विद्रूपीकरणाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. न्यायालयापर्यंत जे प्रकरण जात नाही ते वात्रटिकेपर्यंत जायला हरकत नसावी.

छंदाविषयी माझा कौल स्पष्ट आहे: निदान पहिल्या वहीपुरते छंदातच लिहा. मुक्तछंदातही उत्तम विनोद होतो, परंतु तेथे थांबण्याची जागा सर्वस्वी आपल्या कानावर सोडलेली असते आणि नवख्या हातून शेवटची ओळ लांबते. छोट्या अभंगाचे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, किंवा मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा आणि शेवटी चार, हे साचे मराठी कानात लहानपणापासून बसलेले आहेत. मोठ्या अभंगातला तो चार अक्षरांचा आखूड चरण तर गमतीसाठी मुद्दाम राखून ठेवल्यासारखा आहे. तीन चरण कान सहाची चाल धरतो आणि चौथ्याला पायरी अचानक संपते. हत्तीचा 'नाव कोठे?' हा प्रश्न याच कारणाने तेथे टाकला आहे. तोच प्रश्न पहिल्या चरणात घालून वाचून पाहा, कोणी मान वर करणार नाही. आणखी एक, यमक जुळले की ओळ झाली असे मानू नका. 'कैलास' म्हटल्यावर 'विलास', 'उल्हास', 'निवास' असे शब्द दारातच उभे असतात आणि ते घरात शिरले की अर्थाला बाहेर बसावे लागते. त्यापेक्षा ओळीच्या शेवटी 'ओझे', 'रजा', 'पाया' असे साधे शब्द ठेवा. त्यांची यमके शोधताना पुन्हा शिल्पाकडे पाहावे लागते, हाच त्यांचा फायदा. आणि उद्गारचिन्हे काढून टाका. तुमच्या चौथ्या ओळीतले ते चिन्ह 'आता हसा' असा हुकूम सोडते, आणि हुकमावर सहसा कोणी हसत नाही.

माहिती आधी सांगावी का, या प्रश्नाचे उत्तर कवितेगणिक वेगळे आहे. दासीच्या कवितेआधी शिल्पात कोण कोण आहे एवढे एका वाक्यात सांगावेच लागेल, अन्यथा ऐकणारा रावणातच अडकून पडेल. हत्तीच्या कवितेला फक्त मंगळवारच्या सुट्टीची कल्पना द्यावी. दोन तालची कविता मात्र काही न सांगता वाचावी, ऐकणाऱ्यांना किंचित कोड्यात राहू द्यावे आणि गाडलेल्या मजल्याची हकीकत व १८७६ हे साल नंतर, कोणी विचारले तर सांगावे. त्या ज्येष्ठ सभासदांनाच ती हकीकत सांगायची विनंती केली तर अधिक बरे. वारशाविषयी इतक्या तळमळीने बोलणाऱ्या गृहस्थांना ती माहीत असण्याचा संभव पुष्कळ आहे.